सहनशीलता, वाट पाहणं आणि सार्वकालिक जीवन: ठाणे-नवी मुंबईतल्या ख्रिस्ती मंडळींचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे, कळवा, ऐरोली, वाशी या पट्ट्यात आमचा बायबल अभ्यासगट भरतो, कधी कुणाच्या हॉलमध्ये, कधी चर्चच्या आवारात. वसईकडून इथे राहायला आलेले कॅथलिक आहेत, नगर-जालन्याकडचे प्रोटेस्टंट आहेत, पिढ्यान्‌पिढ्या ठाण्यातच वाढलेले ईस्ट इंडियन, म्हणजे या भागातले मूळचे कॅथलिकही आहेत. पंथावरून वाद होतात आणि चहा येईपर्यंत मिटतात. प्रश्न मात्र सगळ्यांचे तेच ते, म्हणून एकदा लिहून काढले. बायबलमधली वचनं शब्दशः न देता आशय दिला आहे. संदर्भ कंसात आहेत, तुमच्याकडच्या भाषांतरात काढून वाचा.

सहनशीलता म्हणजे निमूटपणे सोसणं का?

नाही. हा गैरसमज आपल्याच लोकांनी पसरवला आहे, आणि त्याचा भार जास्त करून बायकांच्या डोक्यावर पडला आहे. "सोस गं, प्रभूनेही सोसलं" असं सांगून किती जणींना परत त्याच घरात पाठवलं गेलं असेल, देव जाणे.

प्रभूने सोसलं हे खरंच. पण त्यानेच मंदिरातल्या सराफांचे चौरंग उलथवले. याजकासमोर चौकशी चालू असताना शिपायाने थोबाडीत मारली, तेव्हा त्याने सरळ विचारलं: मी वाईट बोललो असेन तर काय ते दाखव, नसेन तर मारतोस का? (योहान १८:२३). प्रेषित पौल आणि त्याचा सोबती सीला यांना फिलिप्पैत चौकशी न करता फटके मारून तुरुंगात टाकलं. सकाळी अधिकाऱ्यांनी गुपचूप सोडून द्यायचा बेत केला, तर पौल अडून बसला. आम्ही रोमी नागरिक आहोत, त्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर न्यावं (प्रेषितांची कृत्ये १६:३७). पुढे त्याने थेट कैसराकडे, म्हणजे रोमी सम्राटाकडे, दाद मागितली. याच पौलाने सहनशीलता हे आत्म्याचं फळ आहे असं लिहिलं आहे (गलती ५:२२). त्याला स्वतःला त्यात विसंगती वाटली नाही.

म्हणजे सहनशीलता ही कूकरची शिट्टी दाबून धरण्याची कला नाही. सूड आपल्या हातात न घेणं, चूक करणाऱ्यालाही माणूस समजणं, आणि न्याय मिळायला उशीर झाला तरी स्वतः वाकडं न होणं, एवढा तिचा अर्थ. दाद मागायला ती कधीच आड येत नाही. बिल्डरने ताबा लांबवला तर महारेराकडे तक्रार करावी. नवी मुंबईच्या आसपासच्या गावांना हे वेगळं सांगायची गरज नाही. १९८४च्या जानेवारीत, नवी मुंबईसाठी घेतलेल्या जमिनींच्या मोबदल्यासाठी झालेल्या जासईच्या आंदोलनात पाच शेतकरी गोळीबारात गेले, घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के भूखंड परत देण्याची योजना त्यानंतर आली, आणि त्यातलेही कितीतरी जण पुढे भूखंडासाठी खेटे घालत राहिले. मागणं आणि थांबणं ही दोन्ही कामं ती माणसं एकाच वेळी करत होती.

घरात मारहाण होत असेल तर तिथे सहनशीलतेचा विषयच काढू नका. महिला हेल्पलाइन १८१, तातडीची मदत ११२. फादरांशी किंवा पाळकांशी बोलणं त्यानंतर.

सार्वकालिक जीवनाकडे नजर ठेवायची म्हणजे सतत मरणाचा विचार करायचा का?

अधूनमधून करायला हरकत नाही. आपली मंडळी २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, कबरस्तानात जातात, कबर धुतात, झेंडू वाहतात, मेणबत्त्या लावतात, आणि शेजारच्या कबरीवरची पाटी वाचून "अरे, हे गेले होय?" असंही म्हणतात. स्तोत्रकर्ता देवाकडे मागतो की आम्हाला आमचे दिवस मोजायला शिकव, म्हणजे शहाणपण येईल (स्तोत्र ९०:१२). त्यात उदासपणा नाही. ज्याला दिवस मोजता येतात तो ते फुकट घालवत नाही.

पण मुख्य वचन दुसरं आहे, करिंथकरांस दुसऱ्या पत्रातलं (४:१७-१८). पौल म्हणतो, आत्ताचं संकट हलकं आणि घटकाभराचं आहे, त्यातून घडणारं गौरव मात्र सार्वकालिक आहे. दिसतं ते टिकणारं नाही, न दिसणारं टिकणारं आहे. हे वचन प्रेतसंस्काराच्या वेळी हमखास वाचलं जातं आणि ऐकणाऱ्याला कधीकधी चीड येते: हलकं? माझा माणूस गेलाय आणि हलकं?

चीड आली तर त्याच पत्राचा ११वा अध्याय उघडा. तिथे पौल स्वतःच्या संकटांची यादी देतो: ३९ फटके पाच वेळा, छड्यांचा मार तीन वेळा, एकदा दगडमार, जहाज फुटलं तीन वेळा, शिवाय भूक, थंडी, रात्री-रात्री जागरण, आणि सगळ्यावर मंडळ्यांची काळजी. एवढं अंगावर घेतलेला माणूस "हलकं" म्हणतो आहे. तो दुःख लहान करत नाही, त्याच्यासमोर जे ठेवलंय तेच एवढं मोठं आहे.

मग नोकरी, घराचा हप्ता, मुलांचं शिक्षण यातून मन काढून घ्यायचं?

हा प्रश्न थेस्सलनीका इथल्या मंडळीनेच निकालात काढला आहे. प्रभू आता येईल, मग येईल, या कल्पनेने तिथल्या काहींनी कामधंदाच सोडला आणि दुसऱ्यांच्या घरांत नाक खुपसत हिंडू लागले. पौलाने खडसावलं: काम करायचं नसेल त्याने खाऊही नये (२ थेस्सलनीका ३:१०-११).

आम्हाला नवी मुंबईत यापेक्षाही जवळचा वाटतो तो यिर्मयाचा २९वा अध्याय. यरुशलेमेतून बाबेलला नेलेल्या लोकांना यिर्मयाने पत्र पाठवलं. ७० वर्षं जातील, हे त्यात स्पष्ट आहे. म्हणजे पत्र ऐकणाऱ्या बहुतेकांना परतीचा दिवस दिसणार नव्हता. आणि त्यांना सांगितलं काय? घरं बांधा, त्यांत राहा, बागा लावा, त्यांची फळं खा, मुलांची लग्नं करा, आणि ज्या नगरात मी तुम्हाला नेलं त्याच्या भल्यासाठी झटा, त्याच्यासाठी प्रार्थना करा.

नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोची स्थापना १९७०ची. तेव्हापासून इथे आलेल्या कितीतरी कुटुंबांनी "तात्पुरतं राहू, मग बघू" म्हणत आयुष्य काढलं. मन गावाकडे आणि सोसायटीच्या सभेला कधी हजेरी नाही. यिर्मया याला अनंतकाळाकडे नजर म्हणणार नाही. ज्याला कायमचं घर पुढे आहे याची खात्री आहे तो इथल्या सोसायटीची गळती काढायला उलट मोकळ्या मनाने उभा राहू शकतो, कारण त्यातून त्याला स्वतःसाठी काही उभारायचं नसतं.

हप्ता वेळेवर भरा. फक्त घराच्या कार्पेट एरियावरून स्वतःची किंमत ठरवू नका.

मिस्सा किंवा उपासना चालू असताना हात खिशाकडे जातो. काय करावं?

हा आमच्याकडे सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे, आणि विचारणारे फक्त तरुण नाहीत. साठीच्या पुढची मंडळी यात जास्त अडकली आहेत, फक्त ते कबूल करत नाहीत.

नेमकं काय होतं ते पाहा. पहिलं वाचन चालू आहे. खिशात थरथर होते. आपण फोन काढत नाही, निदान लगेच नाही. पण मन आधीच खिशात गेलेलं असतं: कोण असेल, मुलीचा मेसेज असेल, ऑफिसचं असेल. दोन मिनिटांनी बाकाच्या आडोशाने फोन तिरका करून पाहतो. सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी टाकलेलं असतं की उद्या टाकी धुणार, पाणी अकरापर्यंत बंद. खाली अंगठ्यांची रांग. आपणही एक अंगठा टाकतो, उगाच. वाचन संपतं, सगळ्यांबरोबर तोंडातून उत्तरही निघतं, आणि वाचन यशयातलं होतं की निर्गममधलं ते सांगता येत नाही.

यात कुठे मोठं पाप घडलं? कुठेच नाही, आणि म्हणूनच ते अवघड आहे. पेरणाऱ्याच्या दाखल्यात प्रभूने काट्यांचा अर्थ स्वतः सांगितला आहे: चिंता, धन आणि संसारातले विलास (लूक ८:१४). तिन्ही रोजच्या, साध्या गोष्टी. काट्यांमधलं रोप मरत नाही. वाढतं, हिरवंही दिसतं, फक्त त्याला पिकलेलं फळ धरत नाही. रविवार न चुकवणारी माणसंही अशीच वर्षानुवर्षं हिरवी राहू शकतात.

आमचं मत असं की उतावीळपणा आणि मन विखुरणं हे दोन वेगळे आजार नाहीत. आत्ता, इथे, समोर जे आहे त्याच्यापाशी थांबवत नाही, हे दोन्हींचं मूळ. फ्रेंच गणिती ब्लेझ पास्कालने १७व्या शतकातच लिहून ठेवलं की माणसाला खोलीत शांत बसवत नाही, त्याच्या दुःखाचं मूळ तिथे आहे. तेव्हा तर फोनही नव्हता.

उपाय साधा आहे. फोन गाडीत किंवा घरी ठेवा. सायलेंटवर नाही, घरी. घरात आजारी माणूस असेल तर एकाच्याच खिशात राहू द्या, बाकीच्यांचे घरी. "पण मी बायबल मोबाइलवरच वाचतो" म्हणणाऱ्यांनी महिनाभर छापील बायबल हातात घेऊन पाहावं. वाद घालायचा तर नंतर घालू.

उपदेश फार लांबला तर?

त्रोवसात पौल मध्यरात्रीपर्यंत बोलत राहिला, तेव्हा युतुख नावाचा तरुण खिडकीत बसल्या बसल्या झोपला आणि तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला (प्रेषितांची कृत्ये २०:९). तो वाचला. खिडकीत बसू नका, एवढंच सांगू शकतो.

घोडबंदर रोडवर अडकलो की डोकं फिरतं. हे पाप आहे का?

डोकं फिरणं हे पाप नाही. काच खाली करून रिक्षावाल्याच्या घरच्यांचा उद्धार करणं आहे.

रस्त्याची अवस्था वाईट असेल तर महापालिकेकडे तक्रार करा, तेही कर्तव्यच. पण "वेळ वाया गेला" हे आपण ज्या तावाने म्हणतो त्याच्यामागे एक गृहीत असतं, की वेळ माझ्या मालकीचा होता आणि कुणीतरी चोरला. याकोबाने नेमकं यावरच बोट ठेवलंय: आज किंवा उद्या अमुक शहरी जाऊ, तिथे वर्ष काढू, व्यापार करू, नफा मिळवू, असं म्हणणाऱ्यांनो, उद्या काय होणार हे तुम्हाला ठाऊक नाही, तुम्ही म्हणजे घटकाभर दिसणारी वाफ (याकोब ४:१३-१४). कापूरबावडी ते गायमुख हा टप्पा या वचनाच्या मननाला पुरेसा आहे.

वर्षानुवर्षं प्रार्थना करतोय. उत्तर नाही. अजून किती वाट पाहायची?

मूल होत नाही, मुलाचं व्यसन सुटत नाही, लग्न जमत नाही, आजार हटत नाही. हा प्रश्न विचारणाऱ्याचा आवाज बहुतेक वेळा कोरडा झालेला असतो, आणि त्याला आमच्याकडे झटपट उत्तर नाही. काही गोष्टी मात्र सांगता येतात.

"किती वेळ, प्रभू?" असं विचारायला परवानगी आहे. स्तोत्र १३ या प्रश्नानेच सुरू होतं आणि दोन ओव्यांत तो चार वेळा विचारतं. स्तोत्र ८८ तर अंधाराच्या शब्दावरच संपतं, शेवटी स्तुतीची ओळही नाही. ते स्तोत्र कुणी काढून टाकलं नाही, हे मला फार दिलासादायक वाटतं. रडत, भांडत केलेली प्रार्थनाही बायबलमध्ये प्रार्थनाच ठरते.

दुसरं, वाट पाहणं म्हणजे मागणं थांबवणं, असा अर्थ काढू नका. न्यायाधीशाचा पिच्छा पुरवणाऱ्या विधवेचा दाखला (लूक १८) प्रभूने नेमका याचसाठी दिला की शिष्यांनी खचून न जाता मागत राहावं.

तिसरं, उशीर झाला की माणूस स्वतःच काहीतरी जुळवाजुळव करतो. अब्राहामाने घर सोडलं तेव्हा तो ७५ वर्षांचा होता, इसहाक झाला तेव्हा १००. मधल्या २५ वर्षांत देवाच्या वचनाला हातभार म्हणून सारेने हागारेला पुढे केलं. सगळ्यात जास्त सोसावं लागलं ते हागारेला आणि इश्माएलाला. आपल्या उतावीळपणाची किंमत पुष्कळदा दुसराच कुणीतरी मोजतो. लग्न जमत नाही म्हणून घाईने जमवलेल्या लग्नांत हे आम्ही पाहिलं आहे.

आणि मोनिका, संत ऑगस्टीनची आई. मुलगा हुशार, पण भरकटलेला. आईने वर्षानुवर्षं रडून प्रार्थना केली. ३८७ साली ईस्टरला मिलानमध्ये अंब्रोझ यांच्या हातून त्याचा बाप्तिस्मा झाला, आणि त्याच वर्षी ओस्तियात ती वारली. ही गोष्ट सांगताना एक काळजी घ्यावी. प्रत्येक आईला तो दिवस दिसेलच असं नाही. इब्री लोकांस पत्राचा ११वा अध्याय कितीतरी विश्वासू माणसांची नावं घेतो आणि मग उघड सांगतो की वचन दिलेलं हाती न पडताच ही माणसं मेली, त्यांनी ते दुरून पाहिलं. अनंतकाळाची आशा नसेल तर हे वाक्य क्रूर आहे. ती आशा खरी असेल तर हिशेब अजून बंद झालेला नाही.

या सगळ्याचा आपल्या ठाण्याशी काही संबंध आहे का?

आहे, आणि ठाण्यातल्याच बऱ्याच ख्रिस्ती लोकांना तो ठाऊक नाही. तलावपाळीजवळच्या सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चमध्ये वर्षानुवर्षं जाणाऱ्यांनाही नाही. पोर्तुगीज यायच्या जवळजवळ दोनशे वर्षं आधीची ही गोष्ट.

१३२१ साली चार फ्रान्सिस्कन मिशनरी समुद्रमार्गे ठाण्याला आले: तोलेन्तिनोचे थॉमस, पदुआचे जेम्स, सिएनाचे पीटर आणि तिफ्लिसचे देमेत्रियस. त्यांना खरं तर कोल्लमला आणि पुढे चीनला जायचं होतं, जहाज त्यांना ठाण्याला घेऊन आलं. तेव्हा ठाण्यात पूर्वेकडच्या परंपरेतल्या ख्रिस्ती लोकांची थोडी घरं होती. तिथे ते उतरले. त्यांच्याबरोबरचे डॉमिनिकन फादर जॉर्डनस पुढे सोपाऱ्याकडे गेले आणि त्या काळात, एप्रिलमध्ये, काझीसमोर चौकशी होऊन या चौघांना ठार मारण्यात आलं. पुढे ओदोरिक नावाचा फ्रान्सिस्कन प्रवासी इथे आला, त्याने त्यांच्या अस्थी गोळा केल्या आणि चीनमधल्या झैतून बंदरात, म्हणजे आजच्या क्वानचौमध्ये, नेऊन पुरल्या. १८९४ साली थॉमस यांना पोप लिओ तेरावे यांनी धन्यवादित (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं.

प्रवचनात ही गोष्ट निघाली की सगळा भर त्या चौघांच्या मरणावर असतो. मला जास्त विचार करायला लावतात ते मागे राहिलेले जॉर्डनस. सोबती गेले. त्यांना पुरण्याचं काम यांच्यावर आलं. परका मुलुख, परकी भाषा, आणि पाठीशी कुणी नाही. ते परत फिरले नाहीत. या किनाऱ्यावर काम करत राहिले आणि इराणकडच्या बंधूंना पत्रं लिहून सोबती पाठवा म्हणून विनवत राहिले. १३२९ साली पोपने त्यांना कोल्लमचे बिशप नेमलं. हुतात्म्यांना एका दिवसात सगळं द्यावं लागलं, जॉर्डनसना तेच वर्षानुवर्षं, थोडं थोडं द्यावं लागलं. आपल्यापैकी बहुतेकांच्या वाट्याला हा दुसरा प्रकार येतो.

बाहेर मी शांत असतो. घरच्यांवरच का चिडतो?

कारण बाहेरच्या माणसाला आठ तास सहन करायचं असतं आणि घरच्याला किती काळ सहन करायचं ते ठाऊक नसतं. शिवाय घरचे आपल्याला सोडून जाणार नाहीत, या भरवशावर आपण चिडतो.

आमच्या गटात कळव्याच्या एक काकू आहेत. सासऱ्यांना विस्मरणाचा आजार आहे. सकाळी त्यांना पेज भरवायची असते. एक चमचा तोंडात गेला की ते तो गालात धरून ठेवतात. गिळा म्हटलं की बघत राहतात. मग विचारतात, "मार्शल आला का?" मार्शल म्हणजे त्यांचा भाऊ, कधीच वारलेला. सुरुवातीला काकू खरं सांगायच्या आणि म्हातारा दर वेळी नव्याने रडायचा. आता त्या म्हणतात, "अजून नाही आला, तुम्ही तोवर खाऊन घ्या." मग तो चमचा गिळला जातो. वाटीभर पेजेला पाऊण तास लागतो. नऊ बाविसची गाडी गाठायची असते.

या बाईला सहनशीलतेवर व्याख्यान देण्याची माझी तरी हिंमत नाही. त्याच एकदा म्हणाल्या, "त्यांना मी कोण ते माहीत नाही. पण प्रभूला माहीत आहे ना चमचा कोणी धरलाय." या लहानांपैकी एकासाठी केलंत ते माझ्यासाठीच केलंत, हे वचन (मत्तय २५:४०) याहून सोपं करून कुणी सांगितल्याचं मी ऐकलेलं नाही.

लिझ्यूची तेरेजा या फ्रेंच संत जोगिणीच्या मठातली गोष्टही इथे कामाला येते. प्रार्थनेच्या वेळी जवळची एक सिस्टर सारखा बारीक आवाज करायची. तेरेजाला घाम फुटायचा, वळून बघावंसं वाटायचं. शेवटी तिने आवाज टाळायचा सोडला, नीट ऐकायचा ठरवला, आणि तोच देवाला अर्पण केला. ती वयाच्या २४व्या वर्षी, १८९७ साली वारली. पूर्ण पवित्रपण असल्या बारीकसारीक गोष्टींत कमावलेलं.

सेवा करणाऱ्यालाही विश्रांती लागते, हे मात्र विसरू नका. एलीया खचून मरण मागत होता, तेव्हा देवदूताने उपदेश केला नाही. झोपू दिलं, भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा खायला दिलं (१ राजे १९). घरात अशी सेवा एकटीच करत असेल तर नणंदा-दिरांनी पाळ्या लावाव्यात. व्हॉट्सअपवर हात जोडलेली चित्रं पाठवून भागत नाही.

माझा स्वभावच तापट आहे. बदलेल?

याकोब आणि योहान यांना प्रभूनेच गर्जनेचे पुत्र म्हटलं होतं. एका शोमरोनी गावाने उतरू दिलं नाही तर या दोघांनी त्यावर आकाशातून आग पाडायची परवानगी मागितली (लूक ९:५४). तोच योहान प्रीतीचा प्रेषित म्हणून ओळखला जातो. साल २००च्या आसपास कार्थेजच्या तेर्तुल्लियन या ख्रिस्ती लेखकाने सहनशीलतेवर ग्रंथ लिहिला आणि सुरुवातीलाच कबूल केलं की हा गुण माझ्यापाशी नाही, आजारी माणूस आरोग्याबद्दल बोलतो तसं मी बोलतोय. तुम्ही चांगल्या संगतीत आहात.

बदल होतो, हळू होतो, आणि तो आधी घरच्यांना दिसतो.

रविवारी सकाळी मुलांचा क्लास आणि धर्मशिक्षण एकाच वेळी येतं. काय निवडावं?

दहावीच्या वर्षात हा प्रश्न प्रत्येक घरात येतो. आमचं मत कडक वाटेल: दर रविवारी क्लासच जिंकत असेल तर मुलाला जे कळायचं ते कळतं. पुढे किती वचनं पाठ करून घेतली तरी ते पुसलं जात नाही. क्लासवाल्यांना दुसरी बॅच मागून बघा. पुष्कळदा मिळते, आपण विचारतच नाही.

मुलांना वाट पाहायला शिकवायचं तर आगमनकाळ हाताशी आहे. नाताळच्या आधीचे चार रविवार, दर रविवारी एक मेणबत्ती. मॉलमध्ये नोव्हेंबरातच झाडं लागतात आणि २६ डिसेंबरला सेलचे बोर्ड. घरी तरी गव्हाणीतला बाळ येशू २४च्या रात्रीपर्यंत डब्यात राहू द्या. लहान मुलं रोज विचारतील, "आज ठेवूया?" नाही म्हणा.

उपवासकाळात इन्स्टाग्राम सोडलं तर पुरे का?

सुरुवात म्हणून ठीक. वाचलेला वेळ यूट्यूबवर गेला तर सोडलं काय? यशया ५८ वाचा. देवाला हवा असलेला उपवास तिथे सांगितला आहे आणि त्यात भुकेल्याला आपली भाकर वाटून देणं येतं.

रोज काय करता येईल? वेळ खरंच नाही.

ठाणे-वाशी गाडीत साधारण अर्धा तास मिळतो. ऐरोलीला गर्दी उतरली की कधीकधी बसायलाही मिळतं. एक स्तोत्र, एकच, पण दोनदा वाचावं.

रात्री झोपण्याआधी येशूसंघाचे संस्थापक लोयोलाच्या इग्नेशियसने घालून दिलेली पद्धत करून पाहा. दिवस सकाळपासून परत डोळ्यांपुढून न्यायचा: देवाचे आभार कशाचे, मी कुठे घाई केली, कुणाचं बोलणं अर्धवट तोडलं, उद्यासाठी काय मागू. दहा मिनिटं पुरतात. इग्नेशियसचाच आणखी एक सल्ला आम्ही फार वापरतो: मन उदास, कोरडं असताना आधी घेतलेला निर्णय बदलू नका. राजीनाम्याचा मेल रात्री लिहिलात तर सकाळी पाठवा. बहुतेक वेळा पाठवावा लागत नाही.

दुःखात असलेल्या माणसाला "धीर धर, देवाची काहीतरी योजना असेल" असं म्हणावं का?

शक्यतो नको. निदान पहिल्या काही आठवड्यांत तरी नको. ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर न बोलता बसले, तोवर सगळं ठीक होतं. तोंड उघडलं आणि बिघडलं. शेवटी देव त्यांच्यावरच रागावला.

योजना असेलही. पण ती तुम्हाला दिसलेली नाही, आणि ज्याचा माणूस गेला त्याला तुम्ही ती समजावून सांगायची गरज नाही. डबा घेऊन जा. मयताच्या घरी पहिले दिवस गर्दी असते, महिन्याच्या मिस्सापर्यंत लोक येतात, मग सगळे आपापल्या कामाला लागतात. तुमची पाळी तिथून सुरू होते. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात फोन करा आणि "काही लागलं तर सांगा" म्हणू नका, कुणी सांगत नाही. वीजबिलावरचं नाव बदलायचं असतं, बँकेत नॉमिनीचे कागद द्यायचे असतात, सोसायटीत शेअर सर्टिफिकेटचा अर्ज असतो. प्रत्येक ठिकाणी मृत्यूच्या दाखल्याची प्रत मागतात आणि प्रत्येक खिडकीवर तेच परत सांगावं लागतं. अर्धा दिवस रजा काढून सोबत जा. झेरॉक्स जास्तीच्या काढून न्या, त्या नेहमी कमी पडतात.